पावाचा परसाद

मी अमरावतीला हायस्कुलात होतो तेव्हा झोपायला ख्रिस्ती माणसाच्या घरी असे आणि जेवायला ब्राह्मणाच्या, आणि स्वतः तेल्हाऱ्याचा कुणबी. ही व्यवस्था माझ्या वडिलांनी लावली होती आणि तिच्यात काही विचित्र आहे असं त्यांना मरेपर्यंत वाटलं नाही. बाबांचं म्हणणं असं की पाठ कुठंही टेकावी, पोटात काय जातं तेवढं पाहावं. जातीच्या बोर्डिंगात त्या वर्षी जागा नव्हती. एका वकिलाच्या ओसरीवर होती, पण तिथंच त्यांची घोडी बांधलेली असे आणि तिचा स्वभाव बरा नव्हता. मग बाबांना शामुवेल कंपौंडर आठवले. बाबांच्या पायात एकदा बाभळीचा काटा मोडून पाय इतका सडला होता की गावच्या वैद्यानं हात टेकले. तेव्हा अकोल्याच्या मिशन दवाखान्यात याच कंपौंडरांनी तो पाय रोज धुऊन, पट्ट्या बदलून बरा केला. पुढं त्यांची बदली अमरावतीला झाली. पगार बेताचा, म्हणून बाहेरगावची मुलं ते राहायला ठेवून घेत, आणि त्यांचं घर निम्मंअधिक त्या मुलांच्या भाड्यावर चाले.

शामुवेल कंपौंडर म्हणजे मोठ्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आलेलं पोर. बार्शीटाकळीकडचं गाव, गावाबाहेर एक विहीर आणि आईच्या हातातली लाखेची बांगडी, एवढंच त्यांना मागचं आठवे. जात आठवत नसे. ती बाबांनीच परस्पर ठरवून टाकली होती. "आपलाच असंन तो," बाबा म्हणत, "हात पाह्य त्याचे, शेतकऱ्याचे हायत." कंपौंडरांना हे कळलं तेव्हा ते आपल्या हातांकडे बराच वेळ पाहत बसले, मग हसले.

घर कॅम्पाच्या बाजूला, कौलारू, एका ओळीत चार खोल्यांचं. पुढच्या खोलीत मी आणि बाळापूरचा गणपत. मागच्या खोल्यांत कंपौंडर, त्यांची बायको मार्थाबाई आणि त्यांचा लहानगा दाविद. दाविद चारेक वर्षांचा असेल. हा मुलगा माणूस दिसला की त्याच्या मांडीवर चढे आणि चढला की झोपे, त्यामुळे माझा बराचसा अभ्यास एका हातानं झालेला आहे. पहाटे मला जाग येई ती जात्याच्या घरघरीनं. मार्थाबाई दळता दळता गात. पहिल्या दिवशी अर्धवट झोपेत मला वाटलं मी तेल्हाऱ्यालाच आहे आणि माय दळते आहे, कारण चाल तीच होती, मायची. नीट ऐकलं तेव्हा गाण्यात येशूचं नाव निघालं. मी अंथरुणात उठून बसलो. आपल्या घरची चाल यांच्याकडे कशी आली, की यांची आपल्याकडे, हे मला काही केल्या कळेना. मार्थाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चाल का कोनाच्या बापाची राह्यते?"

त्या घरात मला काय खाता येतं याचे नियम बाबांनी मला येताना बैलांच्या रेंगीत बसल्या बसल्या शिकवले होते. कोरडं चालतं, ओलं चालत नाही. शेंगदाणे, फुटाणे, पेरू, बोरं घ्यायला हरकत नाही. चहा, भाकर, भाजी नाही. मार्थाबाईंना हे नियम माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्या हात धुऊन माझ्या खिडकीत मूठभर दाणे ठेवत आणि बाजूला होत. रविवारी त्यांच्याकडे मटण शिजे. आमच्या घरी तुळशीची माळ होती, म्हणून मला त्या वासानं मळमळायला हवं होतं, पण मळमळायचं नाही, भूक लागायची, आणि मग आपल्याला भूक का लागली म्हणून मी घाबरून जायचो.

जेवायला मी परकोटाच्या आत, अंबागेटजवळ गंगाकाकूंच्या खाणावळीत जाई. काकू विधवा ब्राह्मण बाई, सोवळ्यात, रागीट आणि हातानं सढळ. त्यांचं वरण पातळ असायचं पण त्याला हिंगाचा असा वास यायचा की गल्लीच्या तोंडापासून पाय आपोआप भराभर पडत. ब्राह्मणांची मुलं आत पाटावर बसत आणि आम्ही दोघं-तिघं इतर जातींचे बाहेरच्या पडवीत. काकू आतल्यांना वाढून झालं की बाहेर येत आणि भांडं उंच धरून वरून वाढत. "पोटभर खा रे, लाजू नका," त्या म्हणत, आणि तूप आमच्या भातावर बरोबर मधोमध पडे. इतक्या उंचीवरून त्यांना हे कसं साधे, याचं मला आजही नवल वाटतं. पडवीत बसायचं मला वाईट वाटे का? खरं सांगायचं तर नाही वाटे. माझी नातसून हे ऐकून चिडते. ती म्हणते, तुम्हांला राग यायला हवा होता. असेल. मला त्या वयात कोणी कुठं बसायचं हे इतकं गुंतागुंतीचं वाटे की आपल्याला बसायला काहीतरी आहे यातच मी समाधानी होतो.

रविवार मात्र अवघड असे. सकाळी सगळं घर मिशनच्या देवळात जाई आणि मार्थाबाई घराला कुलूप लावत. एकदा त्यांच्या पितळी घागरी चोरीला गेल्या होत्या, तेव्हापासून त्या मागं कोणालाही ठेवत नसत. म्हणून मी आणि गणपत त्यांच्याबरोबर जाऊन देवळाच्या बाहेर ओट्यावर बसत असू. ते देऊळ म्हणजे लांबट कौलारू इमारत. कळस नाही, ओवरी नाही, आणि घंटा आत असायची ती बाहेर दोन लिंबांच्या मधे टांगलेली. गणपतला ओट्यावरच बरं वाटे. तो घाबरट होता. आत गेलं की डोक्यावर पाणी टाकतात आणि मग माणूस कोरडा होतच नाही, असं त्याच्या आजीनं त्याला सांगून ठेवलं होतं. मला मात्र पेटीचा आवाज आला की चैन पडेना. शेवटी उन्हाचं निमित्त करून एका रविवारी मी आत शिरलो आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसलो.

आत काय पाहायचं तेच मला कळलं नाही. देवळात गेलं की आधी देवाला हात जोडायचे, एवढं आपल्याला ठाऊक. पण देव दिसेना. समोर चुन्याची कोरी भिंत आणि तिच्यावर एक मोठं घड्याळ. दुसरं काहीच नाही म्हणून मी त्या घड्याळाला मनोभावे नमस्कार केला. शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघून खोकला. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मधे जायला वाट. सगळे एकदम उठत, एकदम डोळे मिटत. मी डोळे मिटी तेव्हा त्यांचे उघडलेले असत आणि मी उभा राही तेव्हा ते बसलेले. पण टाळ होते, मृदंग होता, आणि अभंगाच्या चालीवर ते गायला लागले की मला काय करायचं ते नीट समजे. मी टाळी धरत असे. काही रविवार गेल्यावर मला गाणी पाठ झाली आणि खोलीत मी ती गुणगुणू लागलो की गणपत कानात बोटं घाली.

महिन्यातून एका रविवारी तिथं पाव वाटत. त्या दिवशी भजन चालू असताना ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही अशांनी उठून बाहेर जायचं, असा रिवाज होता. मीही प्रत्येक वेळी उठून जात असे, कारण शेजारचा म्हातारा मला कोपरानं ढोसत असे. आत काय होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुटीआधीच्या त्या रविवारी अमरावतीचे पाद्री आजारी होते आणि त्यांच्या जागी अकोल्याहून दुसरे आले होते. ते इथल्या कोणाला ओळखत नव्हते. गर्दी फार म्हणून मला पुढच्या सतरंजीवर बसावं लागलं, ढोसणारा म्हातारा मागं राहिला, आणि दाविद बायकांतून निसटून रांगत माझ्याकडे आला, मांडीवर चढला आणि झोपला. भजन सुरू झालं. काही माणसं बाहेर निघाली. मी उठणार होतो, पण मुलाचं डोकं माझ्या गुडघ्यावर होतं आणि तोंड उघडं. झोपलेल्या पोराला उठवायचं आणि त्यानं देवळात भोकाड पसरायचं, हे काही मला बरं दिसेना. मी बसून राहिलो.

पाद्री पांढऱ्या फडक्यानं झाकलेली थाळी घेऊन रांगेतून येऊ लागले. लोक एकेक तुकडा उचलून तोंडात टाकत होते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आता या ठिकाणी माझ्या जागी आमच्याकडचं कोणतंही पोर असतं तरी त्यानं दुसरं काही केलं नसतं. देवळात देवासमोर कोणी थाळी पुढं केली तर हात मागं घ्यायचा नसतो. मारुतीचा असो, पिराचा मलिदा असो, माय पहिल्यापासून सांगत आली होती की परसादाला नाही म्हणायचं नाही, पाप लागतं. मी डाव्या हातावर उजवा हात ठेवून पुढं केला. पाद्र्यांनी जरासं थांबून त्याच्यावर तुकडा ठेवला. मी तो कपाळाला लावला, निम्मा खाल्ला, आणि उरलेला निम्मा घरच्यांसाठी म्हणून उपरण्याच्या टोकाला बांधला. परसाद एकट्यानं संपवायचा नसतो, तेही आम्हांला शिकवलेलं होतं. मग पेला आला. तीर्थ घेतात तसा मी तळवा खोलगट करून पुढं धरला. पाद्री पेला घेऊन माझ्या तळव्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न देता पुढं गेले. मी रिकामा तळवा डोक्यावरून फिरवला. बायकांच्या बाजूला मार्थाबाईंनी पदर तोंडावर घेतला होता. त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला दिसलं नाही आणि नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

उपासना संपल्यावर लिंबाखाली माझ्यावरून मोठी चर्चा झाली. एका म्हाताऱ्या बाईनं माझे दोन्ही गाल धरले आणि प्रभूनं पोराला ओढून आणलं म्हणून डोळे पुसले. दुसऱ्या एका गृहस्थांचं म्हणणं की हे भयंकर पाप झालं, न समजता खाणाऱ्यानं शिक्षाच खाल्ली. अकोल्याचे पाद्री म्हणाले, मुलाला दोष नाही, मीच विचारायला हवं होतं. मग मी ख्रिस्ती झालो का, असं मी विचारलं. त्यावर तिघांनी तीन उत्तरं दिली आणि तिघंही आपसांत बोलू लागले. परत येताना कंपौंडर माझ्याशेजारून चालत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "तू ख्रिस्ती झाला नाहीस," ते म्हणाले. "पण काहीच झालं नाही, असंही मले म्हणता येत नाही. तुझ्या बाबांनी माझ्या भरवशावर तुले ठेवलं होतं रे." हा मोठा माणूस माझ्यामुळं घाबरला आहे हे पाहून मला रडू आलं.

गंगाकाकूंना कोणी सांगितलं देव जाणे, पण संध्याकाळी मी गेलो तर माझं पान पडवीतून उचलून अंगणात तुळशीच्या पलीकडे मांडलेलं होतं. त्या रागावल्या नाहीत, काही विचारलंही नाही. भांडं नेहमीपेक्षा थोडं आणखी उंच धरून त्यांनी वाढलं आणि तूप तरीही मधोमध पडलं. मी तिथं बसून विचार करत होतो की पाव कोरडा होता, म्हणजे बाबांच्या नियमानं चालायला हरकत नाही; पण तो ज्या पिठाचा केला त्यात पाणी होतं, म्हणजे ओला. मग फुटाणे भाजण्याआधी भिजवतात त्याचं काय? असा विचार करता करता मी भात जास्त खाल्ला.

उपरण्यातल्या तुकड्याचं काय करावं हे मला सुचेना. परसाद फेकायचा नसतो. परत देता येईना. खाऊन टाकावा तर एकदा खाल्ल्यानं एवढं झालं, दुसऱ्यांदा काय होईल कोण जाणे. सुटी लागली आणि मी तसाच तो तेल्हाऱ्याला घेऊन गेलो, तोवर तो वाळून बोराएवढा झाला होता. घरी पोचल्यावर मायच्या हातावर ठेवला आणि परसाद आहे म्हणून सांगितलं. कोण्या देवाचा, तिनं विचारलं. मी म्हणालो, तिकडचा. तिनं तो कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला. माझ्याआधी तिची चार पोरं गेली होती. मी जगावा म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नावही उकर्डाच ठेवलं. अशा बाईला कोणताच देव परका नसतो, ती सगळ्यांशी बोलून ठेवते.

घरात तेव्हा माझ्या बहिणीच्या, सोनाच्या, लग्नाची धांदल होती. बाळापूरचं स्थळ, घर चांगलं, मुलगा सरळ. मी गेल्यावर चार-पाच दिवसांत साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. सोयरे आले, गावातली आपली सगळी माणसं आली, मायनं मोठ्या गंजात शिरा केला. सोनाला तो मुलगा आवडला होता हे मला तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. ती दिवसभर विनाकारण विहिरीवर जात होती. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान भावाचा, म्हणून ती मला चिडवून दाखवी की हळू पीळ, नाहीतर आयुष्यभर मला बोलणी खावी लागतील.

तिकडं गणपतही सुटीला बाळापूरला गेला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं देवळाच्या खिडकीतून जे पाहिलं ते घरी गंमत म्हणून सांगितलं, आणि ती गंमत सोनाच्या सासरी पोचली. नवरीचा भाऊ पाव खाऊन बाटला, देवळात टाळ्या वाजवतो. सोयऱ्यांचा निरोप आला की आधी याचा उलगडा करा, मग लग्नाचं बोलू. सोना न्हाणीत जाऊन बसली ती बाहेर येईना.

आमच्या दारातल्या लिंबाखाली जातीची बैठक बसली. बाळापूरहून नवऱ्या मुलाचे काका आले होते. गावचे अण्णाजी पाटील मधे बसले. पांढऱ्या मिशांचे, समजूतदार आणि मनानं चांगले गृहस्थ. मला समोर उभं केलं. पाव खाल्ला का, विचारलं. हो म्हणालो. पाणी टाकलं का डोक्यावर? नाही. एक जण म्हणाला, पाव कोरडा असतो, कोरड्याला काय दोष? दुसरा म्हणाला, पावाचं पीठ ताडीनं फुगवतात, ताडी काय कोरडी असते का? त्यावर बराच वाद झाला आणि मला बरं वाटलं की हा प्रश्न मला एकट्यालाच पडलेला नव्हता. शेवटी अण्णाजींनी हात वर केला. त्यांनी यातून वाट काढली होती, आणि ती त्यांनी माझ्या भल्यासाठीच काढली होती.

"हे पाह्य उकर्डा," ते म्हणाले, "तू लहान हायस. त्या कंपौंडरनं तुले फसवून चारलं. तू एवढं म्हन. डोकं भादरून घे, न्हाऊन घे, विषय संपला. बह्यनीचं लगन होऊन जाईन. आमी गावोगाव सांगून देऊ, का त्याच्या घरी कोनं पोट्टे ठेवू नये म्हून."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली मान घालून आपल्या पायाकडे बघत होते, त्या बऱ्या झालेल्या पायाकडे, आणि अंगठ्यानं माती उकरत होते. फसवलं नाही म्हणालो तर मी बाटलेला आणि सोनाचं लग्न मोडलं. फसवलं म्हणालो तर कंपौंडरांच्या घरी पुन्हा कोणी मुलगा ठेवणार नाही, आणि पोरं बाटवणारा म्हणून त्यांचं नाव वऱ्हाडभर होईल. मार्थाबाई हात धुऊन खिडकीत ठेवत तो मूठभर दाण्यांचा ढीग मला दिसू लागला. आतून सोनाच्या हुंदक्याचा आवाज येत होता. माझं तोंड उघडलं. ते उघडलं होतं हे मला नक्की आठवतं, कारण त्यात लिंबाचा मोहोर गळून पडला आणि कडू लागला.

तेव्हा दाराच्या आडून माय बोलली. बायकांनी बैठकीत बोलायचा रिवाज नव्हता, म्हणून ती उंबऱ्याच्या आतच उभी होती, पदर पुढं ओढून.

"पाटील, एक इचारू का?" ती म्हणाली. "सारा परसाद त्यानं खाल्ला नाई. अर्धा घरी आनला व्हता. मले देल्ला. म्या तो साक्षगंधाच्या शिऱ्यात कुस्करला, साऱ्याईले पुरावा म्हून."

शिरा सगळ्यांनीच खाल्ला होता. अण्णाजींनी दोनदा मागून घेतला होता आणि सोयऱ्यांनी तर घरच्यांसाठी डबा भरून नेला होता. परसाद थोडा असला की मोठ्या गंजात मिसळून सगळ्यांना पोचवायचा, ही प्रत्येक घरची रीत, त्यामुळं तिनं असं केलं असेल यात कोणाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. काकांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. ताडीवाला गृहस्थ तिकडं पाणी पिऊन आला.

अण्णाजींनी विचारलं, "केवढाक व्हता, बाई, तुकडा?"

"बोराएवढा."

"अवो, मंग बोराएवढ्यानं का मानूस बाटते?" अण्णाजी म्हणाले.

"मी तेच म्हनून राह्यली," माय म्हणाली. "यानंबी तेवढाच खाल्ला."

अण्णाजींनी मिशीवरून हात फिरवला, सोयऱ्यांकडे पाहिलं, आणि सुपारी मागवली. त्यानंतर फसवण्याचा विषयच निघाला नाही, कारण तो निघाला असता तर शिरा कोणी फसवून चारला हेही निघालं असतं. मी विहिरीवर अंघोळ करावी आणि मारुतीला नारळ फोडावा असं ठरलं. सगळ्यांनीच जाता जाता मारुतीला एकेक नारळ फोडला. सोनाचं लग्न झालं. मी नवऱ्या मुलाचा कान पिळला, तोही बेताचाच. सुटी संपल्यावर मी परत कंपौंडरांकडे गेलो. गणपत पुन्हा तिथं आला नाही, पण दुसरी मुलं येत राहिली. मी पावाच्या रविवारी मात्र आधीच उठून बाहेर जात असे, दाविद मांडीवर असला तर त्याला उचलून घेऊन. मी पुढं काय झालो, हिंदू राहिलो का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणतो. पण एखाद्या पहाटे ती जात्यावरची चाल कानात येते तेव्हा तिच्यात कोणाचं नाव आहे हे मला सांगता येत नाही, आणि या वयात सांगायचा मी प्रयत्नही करत नाही.

बऱ्याच वर्षांनी, मी मास्तर झाल्यावर, एका सुटीत घरी होतो. माय दारात सूप घेऊन तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. बाबा गेले होते, अण्णाजीही गेले होते. आता विचारायला हरकत नाही असं वाटून मी तिच्याजवळ बसलो.

"माय," मी म्हणालो, "तो तुकडा तू खरंच शिऱ्यात घातला व्हता का?"

तिनं वर पाहिलं नाही. एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तू काय सांगनार व्हता त्या दिवशी पाटलाले?" तिनं विचारलं. "फसवलं म्हून, का नाई फसवलं म्हून?"

मी पुष्कळ वेळ आठवून पाहिलं. लिंबाखाली माझं तोंड उघडलेलं होतं इथपर्यंत मला येता येई, त्याच्यापुढं काही केल्या येता येईना.

"मले माईत नाई, माय."

"मंग मलेबी माईत नाई," ती म्हणाली.